गावाने अजून जेवायला बोलावलं नाही

१८ ऑगस्ट १९९२
सरकारी शेतमळा, तिसरी वस्ती, कोकशेताऊ

शेंडेफळा,

फाडायचंच असेल तर फाड, पण आधी वाच. शेवटपर्यंत वाच आणि मग फाड, म्हणजे माझे कष्ट तरी कारणी लागतील. शेजारच्या मळ्यावर मंगोलियातून, आपल्या ओल्गीहून आणखी एक कुटुंब आलं, त्यांचा ट्रक आता रिकामा परत चाललाय. त्या ड्रायव्हरच्या हाती हे देतेय.

अजून 'शेंडेफळ'च म्हणते म्हणून चिडू नकोस. मी लग्न होऊन आले तेव्हा तू शेंबडा पोर होतास. सुनेने सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत, मग तुला हाक तरी कशी मारायची? म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता तुला टक्कल पडायला लागलं तरी ते बदलायला मी काही कचेरीत जाणार नाही.

निघताना तू आला नाहीस. तुझ्या बायकोने आमच्या चाकांमागे दूध शिंपडलं, डोळे पुसले, आणि तू खिडकीच्या पडद्याआड उभा होतास. मला दिसलास बरं का. तुझा राग मला कळतो. धाकट्याकडे बापाची चूल, धाकट्याकडे म्हातारी आई, ही आपली रीत. आई थोरल्याबरोबर निघाल्या की लोक म्हणणारच, धाकट्याने नीट ठेवलं नसेल. पण आम्ही काही आईंना पोत्यात घालून पळवलं नाही. मामंजींनी जन्मभर 'आजोबांची जमीन, आजोबांची जमीन' एवढंच घोकलं आणि गेले. मग रेडिओवर इकडच्या सरकारने सांगितलं, जगात जिथे कुठे आपले कझाक पांगलेत त्यांनी घरी यावं, घर देऊ, काम देऊ, गाय देऊ. आईंनी रेडिओ बंद केला आणि म्हणाल्या, "त्यांच्या वतीने मी बघून येते." त्यांच्यापुढे कुणाचं कधी काही चाललंय का? तुझं चाललं का?

तर इथलं सांगते. सरकारने शब्द पाळला. घर मिळालं, खरंखुरं, दोन खोल्यांचं, पक्क्या चुलीचं. आधी जर्मन कुटुंब राहायचं. ते जर्मनीला गेले, त्यांच्याही सरकारने त्यांना घरी बोलावलंय म्हणे. जाताना पडदे ठेवून गेले आणि तळघरात आंबवलेल्या कोबीचं पिंप. तुझ्या दादांना ट्रॅक्टर मिळाला. गाय मिळाली, लाथा मारते. आणि मला शाळा मिळाली! इथल्या कझाक पोरांना कझाक येत नाही रे. आईवर चिडली तरी रशियनमध्ये चिडतात. त्यांना शिकवायला शाळेला माणूसच नव्हतं, मी गेले तर मुख्याध्यापिकेने माझे दोन्ही हात धरले. ओल्गीत शाळेचं छप्पर गळत होतं, पगार कधी होईल ते देवालाच ठाऊक होतं. इथे शाळा सप्टेंबरात उघडेल, पण रिकाम्या वर्गात शिरले तरी मी कुणालातरी हवीय असं वाटतं. एवढं सुख मला पुष्कळ आहे.

जमीन मात्र पोळपाटासारखी सपाट. डोंगर बघायची सवय, सकाळी दार उघडलं की नजर जाते ती थांबतच नाही. आई म्हणतात, इथे माणूस हरवला तरी तीन दिवस दिसत राहील.

आई बऱ्या आहेत. तपकीर ओढतात, मला बोलतात, म्हणजे बऱ्याच आहेत. त्यांनी सामानाची पेटी अजून उघडलेली नाही. दमल्या असतील. गावातले लोक शांत आहेत. फार शांत आहेत.

तू इकडे यायची घाई करू नकोस. रस्ता वाईट आहे आणि पेट्रोल मिळत नाही.

वहिनी

१३ सप्टेंबर १९९२

शेंडेफळा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन मला शिव्या. बाकी दोनांत विचारलंयस, आई बरी आहे तर ती अंगणात पेटीवर बसून का असते.

त्या ड्रायव्हरला मी चहा पाजला, लोणी घालून. परत आला तर त्याला गरम पाणी पाजीन. चुगलखोर मेला.

बरं, ऐक. मी मागच्या पत्रात खोटं काही लिहिलं नव्हतं. थोडं लिहायचं ठेवलं होतं.

तुला आठवतं, होव्दकडून ते लंगड्या लोहाराचं कुटुंब आपल्या गल्लीत राहायला आलं होतं? आईंनी आठवडाभर त्यांच्या चुलीत विस्तव पडू दिला नाही. आज आपल्याकडे, उद्या शेजारी, परवा पलीकडे. नव्याने आलेल्याला गावातल्या प्रत्येक जुन्या घराने जेवायला बोलवायचं. ते एरुलिक झाल्याशिवाय माणूस गावात आला असं आपण म्हणतच नाही. लोहाराची बायको शेवटी हात जोडून म्हणाली, पुरे, आता माझी मुलं माझ्या हातचं खातील की नाही?

इथे आम्हाला एकाही घराने बोलावलं नाही.

एकाही. पहिले दोन दिवस आईंनी आमच्या चुलीत जाळ करू दिला नाही. "लोक बोलवायला येतील आणि आपण जेवून बसलेलो, बरं दिसतं का ते?" आम्ही वाळलेलं चीज चावत बसलो. तिसऱ्या दिवशी पोरं रडायला लागली तेव्हा मी न विचारता भात टाकला. आई काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याने मला रडू आलं. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी खुशाल खाल्ल्या असत्या.

त्या दिवसापासून पेटीला कुलूप आहे. भिंतीवर लावायची कशिद्याची चादर पेटीत, चिनी वाट्या पेटीत, लोकरीचे नमदे दोरीने बांधलेले तसेच. आम्ही पत्र्याच्या मगात चहा पितो. मी एकदा म्हटलं, "आई, निदान वाट्या काढू या का?" तर म्हणाल्या, "मुक्कामाच्या जागी कुणी वाट्या काढतं का? कुणी बोलावलं नाही म्हणजे आपण अजून रस्त्यातच आहोत."

परवा त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. पहिलं बर्फ जमिनीवर टिकेपर्यंत गावातल्या एका तरी घराने बोलावलं तर त्या राहतील. नाही बोलावलं तर धाकट्याकडे परत. "मला इथे सरकारने बोलावलं," म्हणाल्या. "सरकारच्या घरी मी जेवायला जाऊ का?"

आता तुला आनंद झाला असेल. होऊ दे. पण आता माझंही ऐक. आई गेल्या तर तुझे दादाही जाणार. तोंडाने बोलत नाहीत, पण संध्याकाळी ट्रॅक्टर उभा करतात आणि आईंच्या पेटीशेजारी जमिनीवर येऊन बसतात. ते गेले की मी आणि पोरं कुठे राहणार? परत ओल्गीला. तिथे काय आहे ते तुला मी सांगू? लोकरीचा कारखाना बंद, दुकानात फळ्या रिकाम्या, तुझी बायको पिठासाठी पहाटेपासून रांगेत. त्यात आम्ही आणखी तोंडं वाढवायची? सून सासू जाते म्हणून नाचेल असं लोकांना वाटत असेल. मी इथे रोज आभाळाकडे बघतेय, बर्फ पडू नये म्हणून.

गावाचं म्हणशील तर मला त्यांचं काही कळत नाही. दुकानातली बाई मला 'मंगोल' म्हणते. तिकडे जन्मभर आम्ही 'कझाक' होतो, इकडे आल्यावर मंगोल झालो. पहिल्या दिवशी मी भांडले. आता म्हणते, "मंगोलाला अर्धा किलो साखर द्या." कोजाखमेत नावाचा एक म्हातारा आहे, पूर्वीचा ट्रॅक्टर तुकडीचा नायक. कोटावर ही एवढी पदकं. गावातली सगळी कझाक घरं त्याच्या शब्दावर चालतात. समोरासमोर आला की मान अशी वळवतो जणू आम्ही त्याचा घोडा चोरलाय. पोरं मात्र वर्गात गोड आहेत. त्यांना माझ्याकडून शिकायचंय आणि त्यांच्या बापांना माझ्या घरचा चहा नको. काय म्हणायचं याला?

येऊ नकोस. अजून महिना आहे, काहीतरी होईल.

वहिनी

२९ सप्टेंबर १९९२

शेंडेफळा,

म्हणे ट्रक ठरवला! म्हणे ऑक्टोबरच्या मध्यावर निघतो आणि आईला घेऊन येतो! तू कोण रे ठरवणारा? आणि वर लिहितोस, 'वहिनी, तुला शाळेचं पडलंय, मला आईचं.' हो, पडलंय मला शाळेचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने काल पहिल्यांदा आपल्या आजीला कझाकमध्ये चिठ्ठी लिहिली, आजीने ती ओढणीत बांधून ठेवली. त्याचं मला पडलंय, आणि आईंचंही तुझ्याइतकंच पडलंय.

पण आज भांडत नाही, कारण आज मला इतकं हसू आलंय की पोट दुखतंय. आधी हसले आणि मग रडले. दोन्ही झाल्यावर लिहायला बसलेय.

आमच्या शेजारच्या घरात एमा नावाची म्हातारी राहते. जर्मन. लहान असताना युद्धात सरकारने त्यांना व्होल्गाकाठून उचलून इथे आणून टाकलं. अंगावरच्या कपड्यांनिशी, हिवाळ्यात. इथल्या कझाकांनीच घरात घेतलं, म्हणून तिची कझाक भाषा इथल्या पोरांहून शंभर पटीने बरी. आता तिचा मुलगा तिला जर्मनीला न्यायला आलाय. बांधाबांध चाललीय. काल ती कुंपणापाशी उभी राहून मला म्हणाली, "मास्तरीणबाई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही लोक गावाला का बोलावत नाही?"

मी म्हटलं, "कशाला बोलावू?"

"नवीन घरात आलात ना? घरभरणी नको? कोजाखमेतची बायको ऑगस्टपासून नवीन कपडे इस्त्री करून बसलीय. रोज संध्याकाळी नवऱ्याला विचारते, बोलावलं का? तो म्हणतो, नाही. गावात सगळ्यांना वाटतंय, मंगोलियावाले गर्विष्ठ आहेत. फुकट घर घेतलं आणि कपभर चहा विचारला नाही."

मी हातातली बादली खाली ठेवली. "एमा आजी," म्हटलं, "आम्ही त्यांच्या बोलावण्याची वाट बघतोय. आमचं एरुलिक."

तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा शब्द मी पन्नास वर्षांत ऐकला नाही. मला त्यांनी तेच तर घातलं होतं जेवायला, मी आले तेव्हा. यांच्या आज्यांनी." मग म्हणाली, इथे आता रशियन रीत आहे. नवीन घरात जातो तो शेजाऱ्यांना बोलावतो, शेजारी येतात, खातात, आणि मग नवा माणूस आपला होतो.

कळलं तुला? आम्ही दीड-दोन महिने त्यांच्या दाराकडे डोळे लावून बसलोय, आणि ते आमच्या! पेटीवर बसून आई त्यांना शिव्या घालतात, तेव्हा कोजाखमेत आपल्या ओट्यावर बसून आम्हाला घालत असतो. आम्ही त्यांना नको आहोत असं मला वाटत होतं रे. मी रात्र रात्र तेच चघळत होते. आणि ते बिचारे रुसून बसले होते, एवढंच! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी तिथेच कुंपणाला धरून हसत सुटले, एमाही हसायला लागली, आमची गाय घाबरून पळाली.

मला वाटलं, झालं, सुटलं. धावत आईंकडे गेले, सगळं सांगितलं. आई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मी बोलवायचं?"

"हो आई, साधा चहा आणि तळलेल्या पिठाच्या पुऱ्या, बाकी मी बघते."

"पाहुण्याने यजमानाला बोलवायचं?"

"आई, इथली रीत—"

"रीत त्यांची बिघडली, माझी नाही."

झालं. तिथून मी कोजाखमेतच्या घरी. त्याच्या बायकोने मला दारातच उभं केलं, पण ऐकून ती हळहळली. आतून त्याचा आवाज आला. "तिला सांग, आमच्याकडे नवा माणूस बोलावतो. मी सत्तावीस गावं पाहिलीत, उलटं कुठेच नाही." त्याची बायको माझ्या कानात म्हणाली, "हा मेला मरेल पण पहिलं पाऊल टाकणार नाही." मी म्हटलं, "आमच्याकडेही तसंच एक आहे."

तुझ्या दादांना म्हटलं, आपणच बोलावू या का, आईंना न सांगता? तर म्हणाले, "घरातलं मोठं माणूस ताटावर बसणार नाही, आणि आपण गाव जेवायला घालायचं?" खरंच आहे ते.

म्हणजे आता भांडण नाही, राग नाही, काही नाही, फक्त दोन म्हाताऱ्यांचे ताठ मणके. आणि आभाळ पांढरं होत चाललंय. मी एमाकडे जाऊन रडले तर म्हणाली, "माझं निघणं ठरलंय, पण त्याआधी मी बघते काहीतरी."

थोडं थांब रे. ट्रकवाल्याला सांग, इंजिन बिघडलंय.

वहिनी

११ ऑक्टोबर १९९२

शेंडेफळा,

हे पत्र तुला वेळेत मिळेल का माहीत नाही. तरी लिहिते, नाहीतर माझं पोट फुटेल.

त्या एमाने काय केलं माहितेय? काल सकाळी ती आमच्या दारात आली, स्वच्छ रुमाल बांधून, आणि थेट आईंसमोर उभी राहिली. "आपा," म्हणाली, "मी या गल्लीत सगळ्यांत जुनी. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यापासून आहे. नव्याला जुन्याने बोलवायचं असतं ना? आज माझ्याकडे तुमचं एरुलिक. संध्याकाळी यायचं."

आईंनी तपकिरीची डबी बंद केली. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणणार, जर्मन बाईच्या घरी? तिथे ताटात डुक्कर निघालं तर? एमाला तेही ठाऊक होतं. म्हणाली, "मेंढी आहे. कोजाखमेतने स्वतः बिस्मिल्ला म्हणून कापलीय, विचारा त्याला." आता आईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही. रीतीत जुना रहिवासी एवढंच आहे, तो कझाक हवा असं कुठे आहे? त्यांनी पेटी बोटभर उघडली, सणाचं पांढरं शिरोवेष्टण ओढून काढलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

इकडे कोजाखमेतला तिने सांगितलं होतं, माझ्या निरोपाचं जेवण आहे, गल्लीतल्या सगळ्यांनी यायचं.

आम्ही गेलो तर खोली भरलेली. भिंती उघड्या, सामान खोक्यांत, खोक्यांवर फळ्या टाकून लांब टेबल केलेलं. कोजाखमेत सगळी पदकं लावून मधोमध बसलेला. आई दारात थांबल्या. तो उठला नाही. मी मनात म्हटलं, संपलं, आता बर्फ नाही पडलं तरी संपलं.

एमाने आईंना त्याच्या समोर बसवलं. मग तिने मेंढीचं डोकं ताटात घालून आणलं आणि थांबली. मानाचं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे. सगळे त्या ताटाकडे बघायला लागले. तिने ते आईंपुढे ठेवलं.

कोजाखमेत लाल झाला. "एमा, हा तुझा निरोप आहे की यांचं स्वागत?"

"दोन्ही," एमा म्हणाली. "एकाच मेंढीत बसवलंय. दुसरी कुठून आणू?"

कुणीतरी फसकन हसलं, बहुतेक त्याचीच बायको. पण तो काही हसला नाही. हाताची मूठ टेबलावर ठेवून म्हणाला, "म्हातारे, दोन महिने! दोन महिने मी वाट बघतोय. आमच्यात काही कमी आहे? आमच्या घरात रोग आहे? रक्ताचे म्हणून आलात, आम्ही खूश झालो, मळ्याच्या फाटकावर बँड लावला. आणि तुम्ही पाण्याला विचारलं नाही."

"पाणी?" आई कडाडल्या. "माझी नातवंडं दोन दिवस चीज चावून राहिली, तुझं गाव येईल जेवायला बोलवायला म्हणून! तुझ्या आईने तुला एरुलिक शिकवलं नाही?"

आणि त्याची टेबलावरची मूठ सुटली, शेंडेफळा. त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याची दया आली. म्हणाला, "आईने नाही, आजीने. माझी आजी करायची. त्या मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट, मी एवढासा होतो. दुष्काळात घरातलं कुणी उरलं नाही, मग मला आश्रमशाळेत टाकलं. तिथे सगळं रशियनमध्ये." मग हळू आवाजात, "मी विसरलो होतो हा शब्द."

आईंचा राग असा कसा गेला मला कळलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तुझं कूळ कोणतं?"

विचार कर, दोन महिन्यांत कूळ विचारण्याएवढंसुद्धा कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

"केरेय," तो म्हणाला.

"आम्हीही केरेय," आई म्हणाल्या. "म्हणजे माझा नवरा. तुमची शाखा वेगळी असेल, आमची वेगळी. वय किती तुझं?"

त्याने वय सांगितलं. आईंहून पाच-सात वर्षांनी लहान.

आई उठून उभ्या राहिल्या, कमरेवर हात. "म्हणजे तू माझा धाकटा दीर! आणि मी आल्यावर तू बसून राहिलास? वहिनी दारात उभी आणि हा पदकं मोजतोय! ऊठ, ती किटली घे, चहा ओत. सगळ्यांना ओत. आणि माझ्या वाटीत दूध जास्त!"

देवाशपथ सांगते, तो उठला. पदकं खणखणली. त्याने किटली घेतली, आणि त्याच्या बायकोने अशी काही आरोळी ठोकली की एमाच्या खिडकीची काच हलली. सगळी खोली हसत होती. तो ओतता ओतता आईंना म्हणाला, "वहिनी, चहा सांडला तर मारणार का?" आणि त्याचे डोळे भरले होते. आईंनी मेंढीच्या डोक्याचा कान कापून त्याला भरवला. कान खरं तर लहान मुलांना देतात. "खा," म्हणाल्या, "आणि यापुढे वहिनीचं ऐकत जा." तोही लहान मुलासारखा चावत बसला.

आता माझी पंचाईत बघ. तो आईंचा दीर, म्हणजे माझा चुलत सासरा. त्याचं नाव मी इतके दिवस, अगदी या पत्रातही सवयीने, खुशाल लिहीत होते, ते आता मला घेता येत नाही! नवं नाव ठेवावं लागलं. मी 'पदकवाले मामंजी' ठेवलंय. त्याच्या बायकोला फार आवडलं, तीही आता तेच म्हणते.

निघताना एमाने आईंचा हात धरला. म्हणाली, "तुमचं तर झालं आपा. मी तिथे गेल्यावर मला कोण बोलावेल? मला तर त्यांची जर्मनही नीट कळत नाही." आईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "तू वाट बघत बसू नकोस. माझ्यासारखी पेटीवर बसशील तर उपाशी मरशील. जाऊन दार ठोक." हे सांगणारी बाई कोण, तर आपली आई! मी तोंडावर हात धरला.

आज पदकवाल्यांकडे जेवण आहे, उद्या पलीकडच्या घरी. पुढे यादीच लागलीय, कोण आधी यावरून बायकांत भांडण जुंपलंय.

पण आई अजून काही बोलत नाहीत. राहणार की जाणार, विचारायची माझी हिंमत नाही.

वहिनी

१५ ऑक्टोबर १९९२

शेंडेफळा,

तू निघालास असं मळ्याच्या ऑफिसात फोनवर कळलं. म्हणून हे पत्र तुझ्या वाटेवरच्या कोश-अगाचला, तुझ्या मावसभावाच्या पत्त्यावर पाठवतेय, ऑफिसची गाडी उद्या तिकडेच चाललीय. तू तिथे मुक्काम करशीलच. डोंगर उतरताना गाडी सांभाळून चालव.

रात्रीत बर्फ पडलं. सकाळी दार उघडलं तर सगळं पांढरं, आणि टिकलेलं.  आई अंगणात आल्या, बर्फावर पाय रोवून उभ्या राहिल्या, खूप वेळ. तुझे दादा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. मी दाराच्या आडून बघत होते.

शेवटी तुझे दादा म्हणाले, "आई, तो निघालाय तुला न्यायला. काय ठरवलंस?"

आई म्हणाल्या, "एक मेंढी बघून ठेव."

"कशाला?"

मग त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते. तुझं नाव त्यांनी घेतलं, ते माझ्या हातून लिहवत नाही, तिथे मी शेंडेफळ लिहिते.

"माझ्या शेंडेफळाला कळव. तुझ्या घरात मला काही कमी नव्हतं, आणि मी तुझं घर सोडून आले नाही. जो कोणी तसं म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव. तू मला न्यायला येतोयस, ये. न्यायला आलास की राहायला, ते मी तुला जेवण झाल्यावर विचारीन. आधी जेवायचं. नवा माणूस गावात आला की जुन्याने त्याला बोलवायचं असतं."

तुझे दादा म्हणाले, "मग पदकवाल्या काकांना सांगू का? ते बोलावतील त्याला."

"त्याचा नंबर दुसरा," आई म्हणाल्या. "पहिलं माझ्याकडे. मी इथली जुनी."

वाट बघतेय रे.

वहिनी